वस्तुमान घटूनही कृष्णविवराचे क्षेत्रफळ वाढते कसे?

प्रश्न:
१४ जानेवारी २०२५ रोजी लायगो या अमेरिकेतील गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या दोन्ही वेधशाळांनी टिपलेल्या जीडब्ल्यू २५०११४ या गुरुत्वीय लहरींमुळे हॉकिंग यांच्या १९७१ च्या क्षेत्रफळ प्रमेयाला (कृष्णविवरांच्या पृष्ठभागाचे, म्हणजे जिथून प्रकाशही सुटू शकत नाही त्या सीमेचे, एकूण क्षेत्रफळ कधीच घटत नाही) बळकटी मिळाली, असे वाचनात आले. दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणात काही वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून जाते. मग उरलेल्या कृष्णविवराचे क्षेत्रफळ मूळच्या दोघांच्या बेरजेहून जास्त कसे भरते? आणि ते मोजतात कसे?

उत्तर १:
न फिरणाऱ्या कृष्णविवराची त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. येथे मूळची दोन्ही कृष्णविवरे सूर्याच्या साधारण ३३ पट होती; ३३ चा वर्ग १०८९, दोघांचे मिळून २१७८. उरलेले कृष्णविवर सुमारे ६३ पट, म्हणजे वर्ग ३९६९. ते स्वतःभोवती वेगाने फिरत असल्याने प्रत्यक्ष क्षेत्रफळ याहून काहीसे कमी भरते, तरीही वाढ ठळक राहते: सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटरवरून सुमारे ४ लाख. आधीची बेरीज महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून कमी होती, नंतरचे क्षेत्रफळ त्याहून बरेच जास्त आहे.

उत्तर २:
मोजणीतली खरी मेख अशी की, प्रमेय गृहीत धरून काढलेल्या आकड्यांनी प्रमेय तपासता येत नाही. म्हणून लहरींचे दोन भाग वेगवेगळे अभ्यासले गेले. कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येत होती, त्या भागातून आधीची क्षेत्रफळे काढली. विलीनीकरणानंतर नवे कृष्णविवर थरथरून शांत होते, त्या अखेरच्या भागातून नंतरचे. या थरथरीची वारंवारता आणि ती किती झपाट्याने विरते, हे फक्त वस्तुमान व फिरण्याचा वेग यांवर ठरते. अशी विरत जाणारी थरथर आपले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच गणिताने दाखवली होती, याचा आवर्जून उल्लेख व्हायला हवा.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. हीच तपासणी २०१५ च्या पहिल्या लहरींवर झाली नव्हती का?

उत्तर २:
झाली होती, २०२१ मध्ये तिचा निष्कर्ष सुमारे ९५ टक्के खात्रीने मांडला गेला. दोन्ही घटनांतील वस्तुमाने आणि अंतर, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे, जवळपास सारखेच आहे; मधल्या दहा वर्षांत उपकरणांतला गोंगाट कमी झाल्याने २०२५ च्या लहरी तिपटीहून अधिक स्पष्ट मिळाल्या आणि खात्री ९९.९९९ टक्क्यांपर्यंत गेली. थरथर नेमक्या कोणत्या क्षणापासून मोजायची, हा मात्र अशा विश्लेषणातला नाजूक मुद्दा आहे, कारण सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांत नवे कृष्णविवर पुरते स्थिरावलेले नसते.