निळ्या ब्लॉकचा क्राउन भाजल्यावरही करडा-जांभळट: तापमान वाढवावं का?

प्रश्न
दातांच्या टोप्यांसाठी (क्राउन) लिथियम डायसिलिकेट या काच-सिरॅमिकचे निळे ब्लॉक मिल करून (यंत्राने कोरून) 840 अंश सेल्सियसला, 7 मिनिटं होल्ड देऊन (त्याच तापमानावर ठेवून) भाजतो. मोलरच्या (दाढेच्या) जाड क्राउनमध्ये आतून करडी-जांभळट झाक राहते. पुढच्या दातांचे पातळ क्राउन ठीक निघतात. एका वेळी पाच-सहा युनिट, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या ट्रेवर. तापमान 880 केलं तर काम होईल का?

उत्तर १
880 नको. आधी आत काय घडतं ते पाहा. निळ्या ब्लॉकमध्ये सुमारे 40 टक्के लिथियम मेटासिलिकेटचे बारीक स्फटिक असतात, 0.2 ते 1 मायक्रॉनचे, आणि बाकी काच. ताकद 130-150 मेगापास्कल, म्हणून तर बर (कोरायचं फिरतं हत्यार) चालतो. साधारण 800 अंशांच्या पुढे मेटासिलिकेट काचेतल्या सिलिकाशी मिळून डायसिलिकेट होतं. शेवटी 70 टक्क्यांच्या आसपास स्फटिक, सुमारे दीड मायक्रॉनचे, एकमेकांत गुंतलेले. भेग त्यांना वळसा घालून जाते, म्हणून ताकद 360 पर्यंत पोचते. तुमची जांभळट झाक म्हणजे हा बदल अर्धवट राहिलाय. तसा क्राउन ग्लेझ (वरचा चकचकीत थर) करून देऊ नका, रंगाइतकीच ताकदही कमी आहे.

दोष तापमानाच्या आकड्यात नसून उष्णता पोचण्यात आहे. जाळीचा ट्रे काढा आणि सिलिकॉन नायट्राइडचा वापरा. तो उष्णता धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. युनिट कमी ठेवा. थर्मोकपलही (भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर) तपासा: शुद्ध चांदी 962 अंशांना वितळते, त्यावर भट्टीचं कॅलिब्रेशन होतं. स्क्रीनवर 840 आणि आत 815 असेल, तर नेमकं हेच दिसतं. दुरुस्तीनंतर तेच क्राउन मूळ प्रोग्रामवर पुन्हा भाजा.

उत्तर २
वरच्याला जोड. तापमान किंवा होल्ड जास्त झाला की लहान स्फटिक विरघळून मोठ्यांवर चढतात, काच मऊ पडते, मार्जिनची (क्राउनच्या खालच्या कडेची) धार गोल होते. तपासताना कडेखाली प्रोब (टोकदार सळई) अडकतो तो यामुळेच. भाजताना होणारं सुमारे 0.2 टक्के आकुंचन सॉफ्टवेअरने धरलेलं असतं, मऊ होऊन खचणं नाही.

आणि घासायचं ते निळ्या अवस्थेतच घासा. भाजल्यावर कोरडा डायमंड लावला की एका ठिकाणी तापून सूक्ष्म भेगा पडतात, त्या ग्लेझखाली दिसत नाहीत. कनेक्टरला (ब्रिजमध्ये दोन युनिट जोडणाऱ्या भागाला) तर हात लावूच नका.

प्रश्नकर्ता
ट्रे बदलतो. आधाराची पुट्टी क्राउनमध्ये किती भरायची? आणि आत सँडब्लास्ट चालेल?

उत्तर १
मार्जिनपर्यंत पूर्ण भरा, मग ट्रेवर क्राउन धरणारी पिन बसवा. पोकळी राहिली तर क्राउन तिथे खचतो. बाहेरच्या बाजूला पुट्टीचा ठसा लागला तर भाजण्याआधी पुसा, नाहीतर चिकटून बसते. क्राउन भट्टीतून काढल्यावर थेट थंड फरशीवर ठेवू नका. हवेच्या झोताने गार करू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावर पुट्टी अल्ट्रासॉनिक किंवा वाफेने निघते.

ॲल्युमिना ब्लास्ट अजिबात नको. एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) 5 टक्के, 20 सेकंद, एवढंच. तेवढ्या वेळात काच खाल्ली जाते, डायसिलिकेटचे दाणे उभे राहतात आणि सिमेंट त्यांत अडकतं. ल्यूसाइट या दुसऱ्या प्रकारच्या सिरॅमिकच्या क्राउनसाठी सांगितलेले 60 सेकंद इथे लावू नका.