मोडी लिपीतले जुने कागद मशीननेच वाचायला हवेत. नाहीतर कोण वाचणार?

बखरवेडा: पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडून आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३०च्या दशकात त्यातून ४५ खंड काढले, तेही दर्यामें खसखस. मोडी सराईतपणे वाचणारे बोटावर मोजण्याइतके. २०२५मध्ये आयआयटी रुडकीच्या लोकांनी मोडीचं देवनागरी करणारं एआय मॉडेल मांडलं. सगळं स्कॅन करा, मशीनमधून काढा, नेटवर टाका. पाचातला एक शब्द चुकेना का, आज पाचही शब्द रुमालातच आहेत.

दौत-लेखणी: कुठला शब्द चुकला हे कळणार कसं? मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, आणि दर कारकुनाचं वळण वेगळं. जमाखर्चात १॥। म्हणजे पावणेदोन. मशीनने त्या रेघा पूर्णविरामाचे दंड समजून गाळल्या की पाऊण रुपया गेला, आणि बेरीज का जुळत नाही म्हणून पुढचा अभ्यासक डोकं धरून बसणार. त्याहून वाईट म्हणजे कसर लागलेली जागा. छापील साधनखंडांत तिथे टिंबं दिसतात. एआय तिथे गुळगुळीत मराठी वाक्य ठोकून देतं!

बखरवेडा: मग शेजारी मूळ कागदाचा फोटो ठेवा, ज्याला शंका येईल तो बघेल. आणि माणसं चुकत नाहीत? एका तारखेवरून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या भांडणं चालली आहेत.

सातबारा: तुमचं इतिहासाचं चालू द्या, आमच्याकडे घरं टांगणीला आहेत. २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. जातीच्या रकान्यात कुठे पूर्ण शब्द, कुठे नुसतं ‘कु’. तेवढ्या एका अक्षरावर पोराचा दाखला. फोटो बघून शंका काढायला आमच्या म्हाताऱ्याला मोडी येते का?

दौत-लेखणी: हेच तर! सही करणारा माणूस हवा. उद्या नोंद खोटी निघाली तर जाब कोणाला विचारणार, मॉडेलला?

बखरवेडा: आणि सही करणारा मिळेपर्यंत कागद टिकतील का? २०१२मध्ये मंत्रालयाला आग लागली, फायलींची राख झाली.

दौत-लेखणी: स्कॅनिंगला ना कुणाची? पण नीट करा. पाठपोट लिहिलेला कागद एकाच बाजूने स्कॅन केलेला मी पाहिलाय. मागच्या बाजूचा, कागद जोडलेल्या सांध्यावरचा शिक्का गायब. अस्सल-बनावट ठरवायला तोच लागतो. कंत्राट पानांच्या आकड्यावर दिलं की असंच होणार. मशीन आणायला पैसे निघतात, मोडी वाचकाला मात्र मानधनावर राबवायचं.

बखरवेडा: बरं, पूर्ण वाचन राहू दे. मशीनने निदान गावांची नि माणसांची नावं काढून सूची करावी. रुमाल कुठला उघडायचा एवढं कळलं तरी वर्षं वाचतील.

दौत-लेखणी: सूची चालेल. ‘हे वाचता आलं नाही’ अशा पानांची यादीही सोबत द्या.

सातबारा: ती यादी आधी द्या. नाहीतर स्क्रीनवर नाव आलं नाही की खिडकीतला बाबू सांगणार, नोंद नाही. रुमाल सोडायला तो उठणारच नाही.