विल्यम मार्शल: 'सेनापती', 'ओलीस', 'निर्वंश' हे शब्द बरोबर आहेत का?

प्रश्न: बाराव्या-तेराव्या शतकातला इंग्लंडचा बडा उमराव विल्यम मार्शल याच्या घराण्यावर लिहितेय. एके ठिकाणी 'सेनापती विल्यम' असं वाचलं ते खटकलं. शिवाय त्याचे पाचही मुलगे निपुत्रिक वारले, तर 'निर्वंश झाला' चालेल ना?

प्रतिसाद: सेनापती नकोच, 'मार्शल'चं ते भाषांतर इथे बसत नाही. जुन्या जर्मानिक भाषेत 'मार्ह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे चाकर, तेव्हा मार्शल हा मुळात तबेल्यातला माणूस. पुढे ते दरबारातलं मानाचं पद झालं आणि पिढीजात चालू लागलं. विल्यमचे आजोबा गिल्बर्ट आणि वडील जॉन दोघेही राजाचे मार्शल. पदाचंच आडनाव होऊन बसलं, आपल्याकडे देशपांडे, पोतनीस झाले तसं. विल्यमकडे ते पद ११९४ साली थोरला भाऊ वारल्यावर आलं. म्हणून 'मार्शल' तसंच ठेवा.

प्रतिसाद: वडिलांचा विषय निघालाच आहे तर 'ओलीस' जपून वापरा, ताई. हल्ली दरोडेखोर बँकेत लोकांना धरतात तेव्हाच हा शब्द पेपरात दिसतो. पण ओलीस ठेवणारा मुळात आपलंच माणूस हवाली करतो, शब्द पाळू याची हमी म्हणून. ११५२ मध्ये न्यूबरीच्या वेढ्यात जॉनने राजा स्टीफनकडे पाच-सहा वर्षांचा विल्यम असाच ठेवला आणि खुशाल शब्द मोडला. पोराला फासावर देऊ म्हटल्यावर म्हणाला, याहून सरस मुलं घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्याकडे आहे. विल्यमच्या चरित्रकाव्यातला हा प्रसंग. बापापेक्षा राजालाच दया आली म्हणायची! तेव्हा 'राजाने ओलीस धरलं' नको, 'बापाने ओलीस ठेवलं' लिहा.

प्रतिसाद: 'हुंडा' हा शब्दही येऊ देऊ नका. विल्यम धाकटा, स्वतःची जमीन नाही. लुटुपुटूच्या लढायांत (टूर्नामेंटमध्ये) हरलेल्याचा घोडा, चिलखत आणि खंडणी यांवर त्याने तरुणपण काढलं. ११८९ मध्ये इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं आणि दिवस पालटले. ती रिचर्ड द क्लेअर ऊर्फ स्ट्राँगबो या उमरावाची वारस मुलगी, वेल्समधल्या जमिनींची आणि आयर्लंडमधल्या लेन्स्टरची मालकीण. ते तिचं वडिलार्जित वतन होतं, बापाने जावयाला दिलेली देणगी नव्हे. पेम्ब्रोकचा अर्ल हा किताब मात्र त्याला राजा जॉनने ११९९ मध्ये दिला.

प्रश्नकर्ती: आणि निर्वंशाचं काय?

प्रतिसाद: मुळीच नाही. मॉड, इझाबेल, सिबिल, इव्हा, जोन अशा पाच मुली होत्या की! मुलग्यांपैकी गिल्बर्ट १२४१ मध्ये अशाच एका लुटुपुटूच्या लढाईत गेला, वॉल्टर आणि अन्सेल्म दोघेही १२४५ च्या अखेरीस. मग सगळी जमीन मुलींच्या वंशात वाटली गेली आणि मार्शलपद मॉडमार्फत तिच्या मुलाकडे, रॉजर बिगॉडकडे गेलं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा विल्यमच्या लेकीचा, इझाबेलचा, पणतू. 'पुरुषवंश खुंटला' एवढंच लिहा.

प्रश्नकर्ती: १२१६ मध्ये राजा तिसरा हेन्री नऊ वर्षांचा असताना राज्य विल्यमने चालवलं. त्याला 'राजप्रतिनिधी' म्हणू?

प्रतिसाद: त्याने व्हाइसरॉय डोळ्यांपुढे येतो. 'बालराजाचा कारभारी' म्हणा. फक्त पुढच्याच वाक्यात फ्रेंच आणि बंडखोर उमरावांविरुद्धची लिंकनची लढाई येऊ द्या, नाहीतर वाचक त्याला गादीवर बसून कागद बघणारा समजतील. १२१७ मध्ये सत्तरीच्या घरातला हा गृहस्थ स्वतः घोड्यावर बसून तिथे लढला होता.