'चपटा मासा' की 'लेपा'?

जपानी किनाऱ्यावरच्या गळाच्या मासेमारीवर मराठीत लेख लिहिते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडले आहे. मार्च संपत आला की इबाराकी प्रांतात ओआराईच्या पुळणीवर लोक लांब काठ्या घेऊन 'कारेई' नावाचा मासा धरायला येतात. काठी तिकाटण्यावर टेकवून ठेवतात आणि टोकाकडे बघत बसतात. टोक दोनदा लवतं, तरी ओढायची घाई करत नाहीत, कारण कारेईचं तोंड लहान असतं आणि तो आमिष सावकाश गिळतो. वर येतो तेव्हा ओल्या वाळूच्या रंगाचा, खालून पांढराफटक, दोन्ही डोळे एकाच अंगाला.

भाषांतरांत याला 'चपटा मासा' म्हटलेलं वाचलं आहे. मला ते पटत नाही. पापलेट काय कमी चपटं असतं? पण पापलेट उभं पोहतं आणि हा कुशीवर निजतो. फरक सगळा तिथेच आहे. मग काय म्हणावं?

वेंगुर्ल्याहून

ताई, शब्द आपल्याकडे आहेच. लेपा! आमच्याकडे 'लेपो', अनेकवचन 'लेपे', गोव्यातही तेच. 'लेप' शब्दाशी त्याचं नातं मला अगदी उघड दिसतं: वाळूला लिंपल्यासारखा पडून असतो. गुडघाभर पाण्यात पायाखालून सुळकन निसटला की मगच कळतं, इथे मासा होता. आई बोटांना मीठ लावून डोक्यापाशी कातडीला चीर द्यायची आणि मोजा काढावा तशी अख्खी कातडी शेपटीपर्यंत सोलून घ्यायची. मग मसाला, रवा आणि तवा. 'चपटा मासा' म्हटल्यावर यातलं काय डोळ्यांपुढे येतं?

अलिबागहून

लेपा म्हणायला हरकत नाही, पण आपला लेपा जिभेसारखा लांबट असतो. बंगालीत त्याला 'कुकुरजीभ' म्हणतात, आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा, सायनोग्लॉससचा, ग्रीक अर्थही कुत्र्याची जीभच. कारेई रुंद असतो ना? रुंद अंगाचा आपल्याकडे 'भाकस' आहे. अंगाने मोठा, दातांचा, मासे खाणारा.

मूळ प्रश्नकर्ती

भाकस सुचवलात, फार बरं झालं. जपानीत अशा माशांचे दोन गट मानतात. 'हिरामे' मोठ्या तोंडाचा, दातांचा, शिकारी. 'कारेई' लहान तोंडाचा, वाळूतले किडे वेचणारा. ओळखायची खूण पोरासोरांना पाठ असते: 'हिदारी हिरामे, मिगी कारेई', म्हणजे डावा हिरामे, उजवा कारेई. डोळ्यांची बाजू वर आणि पोट आपल्याकडे करून ठेवला की तोंड ज्या दिशेला, ती त्याची बाजू. (नियमाला अपवाद आहे. 'नुमागारेई' नावाने कारेई, पण जपानात त्याचे डोळे बहुतेक वेळा डावीकडे.) या हिशेबाने आपला लेपा डावा आणि भाकस दोन्हींपैकी कुठलाही. बाजू जुळत नाही, पण स्वभाव जुळतो. म्हणून हिरामेला भाकसाच्या जातकुळीतला म्हणेन, कारेईला लेप्याच्या, आणि सगळ्यांना मिळून 'लेपवर्गीय'. नावं मात्र जपानीच ठेवेन.

मालवणहून

'किनाऱ्यावरून मासेमारी' असं मोघम लिहू नका. आमच्याकडे ते वाचलं की डोळ्यांपुढे रापण येते: होडीने समुद्रात जाळ्याचा अर्धगोल टाकायचा आणि दोन्ही टोकं माणसांनी पुळणीवरून ओढायची. ते अख्ख्या वाडीचं काम. तुमचा माणूस एकटा गळ टाकून बसलाय. त्याला क्रियापद आहे 'गरवणे'. गरी म्हणजे गळ. 'गरवूक गेलो' म्हटलं की काठी, तंगूस (गळाचा दोरा), आमिष आणि तासन्‌तास वाट बघणं सगळं त्यात आलं. 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण 'गरवणे' हे क्रियापद किनाऱ्यापुरतंच राहिलं. तुम्ही ते वापराच.

मूळ प्रश्नकर्ती

वापरणार! आता शेवटची अडचण. या दिवसांतल्या कारेईला 'हानामी-गारेई' म्हणतात. समासात 'क'चा 'ग' होतो. हानामी म्हणजे साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, बघायला जाणं. थंडीत अंडी घालून रोडावलेला मासा फुलं येण्याच्या सुमारास पुन्हा खायला लागतो, म्हणून हे नाव. 'वसंतातला लेपा' लिहिलं तर आपल्या वाचकाला आंब्याचा मोहर आणि उकाडा आठवणार, आणि तिथे तर गरी बांधताना बोटं गारठलेली असतात.

अलिबागहून

त्याचं भाषांतर करूच नका. आपल्या 'वलगणीच्या माशां'चं जपानीत कोणी काय करणार? पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतांत चढणारे ते मासे. ऋतू आणि मासा एकाच नावात बांधलेले आहेत, ते सोडवले की दोन्ही जातात. 'हानामी-गारेई' तसंच ठेवा आणि शेजारी वलगणीचं उदाहरण द्या. कोकणातला वाचक तेवढ्यावर ओळखेल.

मूळ प्रश्नकर्ती

मग वाक्य असं झालं: 'साकुराच्या कळ्या फुगायला लागल्या की ओआराईच्या पुळणीवर माणसं हानामी-गारेई गरवायला येतात. हा लेप्याच्या जातकुळीतला मासा, आणि त्याचं नाव आपल्या वलगणीच्या माशांसारखं ऋतूवरून पडलेलं.'

मालवणहून

झकास. फक्त पुढे 'नायलॉनचा दोरा' लिहू नका, 'तंगूस'च लिहा.