अकरा कथा सुरू केल्या, एकही पूर्ण नाही

अर्धी_वही
नमस्कार. चार वर्षं कथा लिहायचा प्रयत्न करतेय. आज वह्या काढून मोजलं, तर अकरा कथा सुरू केलेल्या निघाल्या. पूर्ण एकही नाही. सुरुवातीला हात थांबत नाही, पण पाचव्या-सहाव्या पानावर सगळं खोटं वाटू लागतं. मग मी पहिल्या पानाकडे वळते, तीच वाक्यं पुन्हा घासते, आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी सुचतं.

सध्याच्या कथेत एका बाईकडे तिची बहीण दहा वर्षांनी येतेय. दोघींचं का बिनसलं ते मला ठाऊक आहे. घराचा कोपरान् कोपरा ठाऊक आहे. बहीण दारात येऊन उभी राहते आणि पुढचं काही दिसतच नाही. नोकरी आहे, लहान मूल आहे, रात्री जेमतेम पाऊण तास मिळतो. मला हे जमणारं नाही असं समजून सोडून द्यावं का? खरं सांगा.

निळी_शाई
सोडू नका. पहिली कथा पूर्ण झाली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, आणि त्याआधीची माझी वही तुमच्यासारखीच होती.

मला वाटतं, तुमची कथा त्या दारातच सुरू होते. आधीची पाच पानं तुम्ही स्वतःला ते घर कळावं म्हणून लिहिलीत. ती लिहावीच लागतात, पण वाचकाला द्यावी लागत नाहीत.

माझी ती कथा एका माणसाची होती. वेगळ्या राहणाऱ्या बायकोला तिचं शिवणयंत्र परत द्यायला तो निघालाय. त्याचं बालपण, यंत्र कसं घेतलं, संसार कसा मोडला, अशी तीन पानं झाली आणि मी अडकले. कित्येक महिने. मग एके रात्री चौथ्या पानावर नुसतं लिहिलं, ‘यंत्र जड होतं आणि लिफ्ट बंद होती.’ आता त्याला कुणाची तरी मदत घेणं भाग होतं. बायको स्वतःच खाली आली. दोघांनी मिळून ते चार मजले चढवलं, आणि दहा वर्षांत जे बोलले नव्हते ते जिन्यात, धापा टाकत, ‘जरा डावीकडे घे’च्या अधूनमधून बोलले. आधीच्या तीन पानांतलं एकच वाक्य उरलं: तिला जवळचं दिसत नसे म्हणून सुईत दोरा तो ओवून द्यायचा. शेवटही त्यातूनच मिळाला.

म्हणून विचारते, तुमच्या बहिणीला हवंय काय? ‘माफी’, ‘प्रेम’ असलं उत्तर नको, त्याने पात्रं नुसती बसून उसासे टाकतात. हातात धरता येईल असं काहीतरी तिला मागू द्या. एखादी सही, फोटो, रात्रीपुरती झोपायला जागा. आणि तुमच्या बाईला नेमकं तेच देववत नाही. मग त्या दोघी बोलायला लागतील, तुम्ही फक्त ऐका.

दुसरं, शेवट होईपर्यंत पहिलं पान उघडायचं नाही. काही खटकलं तर समासात फुली मारा आणि पुढे चला. शेवट वाईट झाला तरी चालेल. दुरुस्त करायला आधी तो असायला हवा ना!

ती कथा तीन ठिकाणांहून साभार परत आली. तिसऱ्या संपादकांनी मात्र दोन ओळी लिहिल्या होत्या: शेवटचा परिच्छेद नको, दोऱ्यावरच थांबा. आठवडाभर मला ते फार लागलं. मग तो परिच्छेद काढला, कथा मोठ्याने वाचली, आणि ते बरोबर होते हे माझं मलाच ऐकू आलं. चौथ्या ठिकाणी ती छापून आली.

पहाटेचा_दिवा
वेळेबद्दल थोडं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. तो वेग आपल्याला झेपणार नाही, मला तर मुळीच नाही. पण तुमचा पाऊण तास म्हणजे त्याचे तीन हप्ते. मी रोज उठताना उद्याचं पहिलं वाक्य अर्धवट सोडून उठतो. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण करायचं असतं, त्यामुळे कोऱ्या पानाची भीती वाटत नाही.

खाडाखोड
निळी_शाईताईंचं पटलं, पण एक भर घालतो. काही जणांना शेवट माहीत असल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, मी त्यातलाच. मी आधी शेवटची दहा वाक्यं लिहितो आणि तिथवर कसं पोचायचं ते शोधतो. शेवट पुढे बदलतोच. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीचं शेवटचं पान 39 वेळा लिहिल्याचं 1958च्या मुलाखतीत सांगितलंय. तेव्हा पाचव्यांदा बदलताना मनाला लावून घेऊ नका. अकरा कथांमधली ही एकच टेबलावर ठेवा, बाकीच्या दहा कपाटात.

अर्धी_वही
तीन रात्री बसले. पहिलं पान उघडलं नाही, समासात सोळा फुल्या झाल्यात. बहिणीला आईचा चष्मा हवाय. माझी बाई म्हणते, तो केव्हाच फुटला. चष्मा तिच्या पदराखाली, हातातच आहे. ती खोटं का बोलली ते मला अजून कळलेलं नाही, पण नववं पान सुरू आहे.