शिकागोला निघताना बॅगेत काय भरलंत? अनुभव लिहा

दिवाळी सरली की हे फोन सुरू होतात. कुणाची लेक बाळंत होणार असते, कुणाचा मुलगा जानेवारीच्या सेमिस्टरला निघालेला असतो. हॉलमध्ये दोन उघड्या बॅगा, मध्ये वजनकाटा, आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मत. तिथे राहणाऱ्यांनी आणि राहून आलेल्यांनी लिहा, काय कामाला आलं आणि काय उगाच नेलं. ऋतू मात्र आधी सांगा. जुलैचं शिकागो आणि जानेवारीचं शिकागो ही दोन वेगळी गावं आहेत.

कुडकुडे
जानेवारी. जाड कोट इथून घेऊ नका. आपल्याकडची जॅकेटं महाबळेश्वरपुरती ठीक. तिथे गुडघ्यापर्यंत येणारा, वारा आत न शिरू देणारा कोट लागतो आणि तो तिथल्या दुकानांत चांगला मिळतो. इथून थर्मलचे जोड, लोकरीचे मोजे आणि कानटोपी न्या. कानटोपीला हसू नका, मिशिगन सरोवरावरून येणारा वारा आधी कानच धरतो. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर पारा उणे ३० सेल्सियसच्या खाली गेला होता. टपालवाटप बंद ठेवलं होतं, आणि लोकलच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून त्यांच्याशेजारी चक्क गॅसच्या ज्वाळा पेटवल्या होत्या. असा दिवस विरळा, पण म्हणून उणे दहाला कुणी सुट्टी देत नाही. आणि हो, ठेवणीतले चामड्याचे बूट नेऊ नका. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग बुटांवरून जाता जात नाहीत.

घरकोंबडी
कोट तिथे घ्या हे पटलं, पण विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंत काय करणार? स्वेटर, हातमोजे, टोपी आणि एक पातळ जॅकेट हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग मागच्या विमानाने आली तर पंचाईत नको. दुसरं, घरात हीटिंग असतं. आत सुती गाऊनवर वावरतो आपण. आईने आणलेले दोन जाडजूड स्वेटर महिनोन्‌महिने कपाटातच होते. लागतं ते व्हॅसलिन! हीटिंगची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, टाचा तडकतात.

नातवाची आजी
लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, मार्चमध्ये. डिंकाचे लाडू, आळिवाचे लाडू, खारीक पावडर, मेतकूट, भाजणी, बाळंतशेपा. सगळं कस्टम्सच्या फॉर्मवर लिहिलं होतं. अधिकाऱ्याने डबा उघडायला लावला, लाडू हातमोज्यात धरून फिरवून पाहिला, विचारलं, "मांस आहे का?" म्हटलं, "नाही हो, डिंक आणि खोबरं." हसला आणि सोडलं. खायचं आहे ते आहे म्हणून सांगायचं, लपवलं तर दंड होतो. ताजी फळं आणि कढीपत्ता मात्र नेऊ नका, काढून घेतात. जावयांनी आधीच फोनवर बजावलं होतं, त्यामुळे अंगणातला कढीपत्ता अंगणातच राहिला. गोडा मसाला मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत मोठी पिशवीभर पूड असली की तपासणीत वेळ जातो.

मुक्काम पोस्ट नेपरव्हिल
आजी, मेतकूट-भाजणी आणलीत ते उत्तम. पण लोक तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गूळसुद्धा आणतात हो! शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर हे सगळं मिळतं. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९७४ मध्ये त्याच रस्त्यावर सुरू झालं. आता उपनगरांतही किराणा दुकानं आहेत. वजन घरच्या मसाल्यांसाठी वाचवा. मिक्सर आणू नका, इथे १२० व्होल्ट, आपला मिक्सर चटणीसुद्धा धड वाटणार नाही. कुकरची जादा शिट्टी आणि गॅस्केट मात्र आणाच. माझी गॅस्केट ऐन पुरणाच्या दिवशी फाटली होती.

उन्हाळी पाहुणा
जून-जुलै. सगळे थंडीचंच लिहितायत म्हणून. उकाडा असतो, घाम येतो, सुती कपडे न्या. पण मॉलमध्ये आणि बसमध्ये एसी असा लावतात की पातळ स्वेटर पिशवीत हवाच. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, सरोवराकाठी भरपूर चालणं होतं, तेव्हा चालायचे बूट आधी वापरून मऊ करून न्या.

गोळीवाले काका
बीपी-शुगरची औषधं पूर्ण मुक्कामाची न्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. चार दिवसांची औषधं हातात, बाकीची बॅगेत. चष्म्याचा जादा जोड न्याच. तिथे नवा करायचा तर आधी डोळे तपासून घ्यावे लागतात आणि त्याचेच वेगळे पैसे. प्रवासी विमाही इथूनच काढा, त्यात जुने आजार धरलेत की नाही ते नीट वाचून.

घरकोंबडी
एक राहिलं. प्लॅस्टिकचा मग! कुणी लिहिणार नाही, पण सगळे नेतात. आत मोजे भरा, जागाही वाया जात नाही.

नातवाची आजी
मग नेला होता हो. आणि खसखशीचं लक्षात ठेवा! दुबईमार्गे जाणार असाल तर अनारसे घरीच खाऊन निघा. तिथे खसखशीला बंदी आहे.