मदत हवी आहे: रानमोडीने भरलेली जागा भाजीसाठी कशी तयार करावी?

नमस्कार. गोव्यातील डिचोली तालुक्यात सुमारे 300 चौरस मीटरची जागा आम्ही भाजीपाल्यासाठी अलीकडेच कराराने घेतली असून, अनेक वर्षे पडीक राहिल्यामुळे ती रानमोडी या झुडपी तणाने आणि घाणेरीने डोक्याएवढी माजली आहे. रानमोडी नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून पाऊस ओसरल्यावर, माती ओली असतानाच, तिच्या केसाळ बिया वाऱ्यावर उडण्याआधी ती कुदळीने मुळासकट काढावी, असा विचार आहे. (जाळून टाकण्याचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला, पण तो मला पटत नाही.)

खरी अडचण मातीची आहे. वीतभर खणले की जांभा दगड लागतो. अशा ठिकाणी जांभ्याचेच चिरे रचून, शेणखत आणि पालापाचोळा घालून उंच वाफे करावेत, की बाहेरून माती आणून पसरावी? जांभ्याची माती आम्ल असल्याने चुना किती आणि लागवडीच्या किती आधी घालावा? पहिल्या हंगामात अळसांदे (चवळी) आणि तांबडी भाजी (लाल माठ) घ्यायची आहे, सात शिरांची भेंडी पुढच्या पावसाळ्यात.

कोपऱ्यात माट्टीचे (ऐनाचे) मोठे झाड आहे. 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि आमची तशी इच्छाही नाही. मात्र त्याच्या सावलीत हळद किंवा सुरण कितपत निभेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.